‘ट्रायल घेतली, काही नाही’ असे शोरूमवाले सांगतात तेव्हा

वाचकाचे पत्र: मी दारव्हा तालुक्यात आशा गटप्रवर्तक म्हणून काम करते. गावोगावी फिरावे लागते म्हणून मागच्या वर्षी दसऱ्याला ११० सीसीची स्कूटर घेतली. १३ महिन्यांत ती १२,००० किलोमीटर चालली आहे. शोरूम जिल्ह्याच्या ठिकाणी, माझ्या गावाहून ४० किलोमीटरवर आहे. गाडीच्या दोन तक्रारी आहेत. सकाळी पाच-सहा वेळा सेल्फ मारल्याशिवाय ती सुरू होत नाही आणि थांबलेली गाडी उचलताना मागच्या बाजूने थरथर व खरखर येते. आजवर तीन सर्व्हिसिंग झाल्या आणि तिन्ही वेळा ‘ट्रायल घेतली, काही नाही’ हेच उत्तर मिळाले. ‘फ्री’ म्हणवणाऱ्या मागच्या सर्व्हिसिंगचे बिल १,८७० रुपये आले. त्या वेळी सासूबाईंना सेवाग्रामला भरती केले होते, त्यामुळे ती सर्व्हिसिंग ७०० किलोमीटर उशिरा झाली. मध्यंतरी गावच्या मिस्त्रीने एअर फिल्टर काढून हवेने साफ केला होता. आता शोरूमवाले म्हणतात की तुमची वॉरंटी गेली. त्यांच्याकडे पुढे जावे की नाही, आणि वॉरंटीचे काय करावे?

ताई,

तुमच्या पत्रात तीनदा आलेले ‘ट्रायल घेतली, काही नाही’ हे वाक्य मी स्वतः कित्येक ग्राहकांना सांगितलेले आहे. एका सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर मी नऊ वर्षे ॲडव्हायझर म्हणून बसलो, त्यामुळे हे वाक्य कसे तयार होते ते मला ठाऊक आहे. तुम्ही सकाळी सात-साडेसातला घरून निघता, ४० किलोमीटर गाडी चालवता, नऊ वाजता रांगेत लावता आणि अकराच्या सुमारास मेकॅनिक तिला हात लावतो, तेव्हा इंजिन अजून कोमट असते आणि पहिल्याच सेल्फला गाडी सुरू होते. मेकॅनिक खोटे बोलत नसतो, कारण त्याच्यासमोर गाडीने काहीही दाखवलेले नसते. चूक त्याआधीच काउंटरवर झालेली असते. तिथे तुम्ही सांगितलेली ‘सकाळी थंड गाडी सुरू होत नाही’ ही तक्रार जॉब कार्डवर ‘स्टार्टिंग चेक’ एवढ्या दोन शब्दांत उतरते, किंवा ‘जनरल सर्व्हिस’ या ठरावीक नोंदीखाली पार नाहीशी होते.

म्हणून सर्वांत आधी जॉब कार्डाविषयी लिहितो, कारण तुमच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरे त्या एका कागदाशी येऊन मिळतात. गाडी ताब्यात देताना जो कागद तुमच्यासमोर सहीसाठी सरकवला जातो, तो आपल्याकडे बहुतेक लोक न वाचताच सही करून परत देतात. त्यावर गाडीचे किलोमीटर, पेट्रोलची पातळी, तुमच्या तक्रारी, करायची कामे आणि अंदाजे खर्च, एवढ्या पाच गोष्टी असतात, किंवा असायला हव्यात. तक्रारीच्या रकान्यात आपले वाक्य आपल्या शब्दांत लिहायला लावा, आणि त्यात वेळ, स्थिती व वारंवारता या तिन्ही गोष्टी येऊ द्या: ‘रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी पाच ते सहा वेळा सेल्फ मारावा लागतो, रोज होते, दुपारी होत नाही.’ तसेच, ‘उभ्या गाडीला ॲक्सिलेटर दिल्यावर पहिल्या दहा-पंधरा फुटांत मागून थरथर येते, वेग धरल्यावर जाते.’ ही दोन वाक्ये वाचल्यावर जाणत्या मेकॅनिकला अर्धे निदान आपोआप कळते. ॲडव्हायझर म्हणेल की संगणकात एवढे मावत नाही. तेव्हा छापील प्रतीवर पेनाने लिहून त्यावर त्याची सही घ्यावी, आणि त्या प्रतीचा मोबाइलवर फोटो काढावा. मीटरचाही फोटो काढा, गाडी देताना एक आणि परत घेताना एक. ट्रायल खरोखर घेतली असेल तर दोन-चार किलोमीटर वाढलेले दिसतील.

आता गाडीविषयी. गाडी समोर नसताना दूरवरून छातीठोकपणे सांगणे मला पटत नाही, तरी तुम्ही दिलेली लक्षणे इतकी स्पष्ट आहेत की कुठे शोधायचे ते सांगता येते.

गाडी उचलतानाची थरथर बहुधा मागच्या चाकाजवळच्या क्लचची आहे. स्कूटरला साखळी नसते. इंजिनाची ताकद एका रबरी पट्ट्यावरून मागे जाते आणि तिथे क्लचचे शू फिरता फिरता बाहेर फाकून एका लोखंडी वाटीला घट्ट धरतात, तेव्हा चाक फिरू लागते. हा सगळा संच डाव्या बाजूच्या झाकणाखाली असतो आणि त्याला थंड ठेवण्यासाठी बाहेरची हवा आत खेचली जाते. आपल्याकडे पांदण रस्त्याने जाणाऱ्या गाडीत त्या हवेबरोबर फुफाटा आत जातो. आम्ही हे झाकण उघडत असू तेव्हा शहरातल्या गाडीत बोटाला काळपट भुकटी लागायची. काळ्या मातीच्या गावांतून आलेल्या गाडीत मात्र वाटीच्या कडेला राखाडी मातीचा अक्षरशः थर बसलेला असे आणि शूचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत झालेला असे. असा शू वाटीला एकदम न धरता घसरत, अडखळत धरतो, आणि तीच थरथर तुमच्या पाठीला जाणवते. उपाय म्हणजे झाकण उघडून संच साफ करणे आणि शूवर पॉलिश पेपर फिरवणे. यात बहुधा नवीन भाग लागत नाही, मजुरी मात्र लागते, कारण क्लच आणि पट्टा हे झिजणारे भाग मानले जातात व वॉरंटीत सहसा येत नाहीत. त्यांनी पट्टाच बदलायला सांगितला, तर जुना पट्टा हातात घेऊन आतल्या बाजूला भेगा आहेत का ते पाहा आणि त्याची रुंदी तुमच्यासमोर मोजायला सांगा. किती रुंदीच्या खाली पट्टा बदलायचा ते कंपनीने ठरवून दिलेले असते.

सकाळच्या स्टार्टिंगचे कारण बॅटरी, प्लग किंवा टॅपेट यांपैकी एक असण्याची शक्यता मला जास्त वाटते. तुमची गाडी बीएस-६ या प्रदूषण मानकाची आहे, म्हणजे तिला कार्ब्युरेटर नाही. गाडीतला पेट्रोल पंप, पेट्रोल फवारणारा इंजेक्टर आणि त्यांना चालवणारा छोटा संगणक हे सगळे बॅटरीवर अवलंबून असतात. बॅटरी किंचित उतरलेली असली तरी हॉर्न वाजतो, दिवा लागतो, पण थंडीतल्या पहिल्या सेल्फला ती कमी पडते. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या चांगल्या बॅटरीत मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचे यंत्र) साडेबारा व्होल्टच्या आसपास दाखवतो आणि इंजिन सुरू असताना तो आकडा १४ च्या जवळ जायला हवा. पहिला आकडा १२ च्या खाली असेल तर बॅटरी संशयित आहे. दुसरा आकडा वर जातच नसेल तर चार्जिंग तपासले पाहिजे. ही तपासणी दोन मिनिटांची आहे आणि ती ग्राहकासमोर करायला कुणाचीही हरकत असू नये. बॅटरीची वॉरंटी बहुतेक वेळा बॅटरी बनवणाऱ्या कंपनीची, वेगळ्या कार्डावर असते. तेव्हा गाडीची वॉरंटी गेली असे त्यांनी म्हटले तरी बॅटरीचा दावा वेगळा करता येतो, आणि ते कार्ड तुमच्या कागदांच्या पिशवीत आजही असेल.

टॅपेटचे थोडे वेगळे आहे. इंजिनाच्या व्हॉल्व्हची फट इंजिन पूर्ण थंड असतानाच मोजायची असते, कारण तापल्यावर धातू प्रसरण पावतो आणि माप बदलते. ४० किलोमीटर चालून आलेल्या गाडीत ती फट तासाभरात नीट मोजताच येत नाही. तिन्ही सर्व्हिसिंगमध्ये ‘टॅपेट चेक’ वर टिक केलेली असेल, तर ती टिक मारणाऱ्याने इंजिन थंड होऊ दिले होते का, हा प्रश्न तुम्ही शांतपणे विचारू शकता.

बिलाविषयी स्पष्ट लिहितो. फ्री सर्व्हिसिंगमध्ये फक्त मजुरी माफ असते. इंजिन ऑइल, गिअर ऑइल आणि बदललेले भाग यांचे पैसे द्यावेच लागतात, एवढ्यापुरते शोरूमचे म्हणणे बरोबर आहे. परंतु १,८७० रुपयांचा आकडा मला जास्त वाटतो. पत्रासोबत तुम्ही पाठवलेल्या बिलात इंजिन फ्लश (इंजिन आतून धुणे), टेफ्लॉन कोटिंग (रंगावर चकाकीचा थर) आणि अँटी-रस्ट (गंजरोधक थर) या तीन नोंदी आहेत. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत मागच्या बाजूला देखभालीचा तक्ता असतो, कोणत्या किलोमीटरला काय तपासायचे आणि काय बदलायचे याचा. तो उघडून पाहा. या तिन्ही गोष्टी त्यात दिसल्या नाहीत, तर त्या नाकारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. मी काउंटरवर असताना अशा जादा कामांचे महिन्याचे उद्दिष्ट आम्हाला दिले जात असे, आणि ज्या ग्राहकाला परत जायची गाडी पकडायची घाई आहे त्याच्याच बिलात ती सर्वांत सहज घातली जात. मला ते तेव्हाही बरे वाटत नव्हते. म्हणून जॉब कार्डवर सही करतानाच लिहा: ‘तक्त्याबाहेरचे कोणतेही काम फोनवर विचारल्याशिवाय करू नये.’

बिलात आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. बहुतेक ११० सीसी स्कूटरमध्ये इंजिन ऑइल एक लिटरपेक्षा कमीच बसते. पुस्तिकेत नेमके प्रमाण दिलेले असते, आणि तेवढ्याचेच पैसे घेतले आहेत का ते पाहावे. दुसरे असे की, पाकिटबंद सुट्या भागावर छापलेल्या कमाल किरकोळ किमतीत सर्व कर धरलेले असतात. बिलात जीएसटी वेगळा दाखवला जातो, ते योग्यच आहे, पण मूळ किंमत आणि कर मिळून होणारी रक्कम छापील किमतीच्या वर जाता कामा नये. २२ सप्टेंबर २०२५ पासून दुचाकीच्या सुट्या भागांवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. त्यानंतरच्या बिलात एखाद्या भागापुढे २८ टक्के दिसले तर तिथेच दुरुस्ती करून मागा. बदललेला जुना भाग परत मागण्याची सवयही लावून घ्या. वॉरंटीत बदललेला भाग कंपनीला परत पाठवायचा असतो, तो मिळणार नाही. पैसे देऊन बदललेला भाग मात्र तुमचाच असतो.

आता वॉरंटी. इथे तुम्हाला खोटा दिलासा देण्याची माझी इच्छा नाही. ठरलेल्या किलोमीटर किंवा दिवसांपैकी जे आधी येईल त्या मुदतीत प्रत्येक सर्व्हिसिंग अधिकृत केंद्रात करावी, ही अट दुचाकी कंपन्यांच्या वॉरंटीत असते, आणि तुमची तिसरी सर्व्हिसिंग ७०० किलोमीटरने उशिरा झाली आहे. घरात आजारपण होते, हे कारण कुणाही माणसाला पटेल. पण छापील अट त्याने बदलत नाही. एअर फिल्टरच्या बाबतीतही मिस्त्रीचा हेतू चांगला होता, तरी आताच्या अनेक गाड्यांमधला फिल्टर तेलाचा हात दिलेल्या कागदाचा असतो. त्याला हवेचा झोत मारला की तो बिघडतो. तो साफ करायचा नसतो, मळला की बदलायचा असतो. फुफाट्यात चालणाऱ्या गाडीला तो तक्त्यातल्या किलोमीटरच्या आधीच बदलावा लागतो. तुम्ही तो आता नवीन घालून घ्या आणि त्याचे बिल जपून ठेवा.

तरीही तुमची बाजू बरीच भक्कम आहे, आणि ती कुठे भक्कम आहे हे नीट समजून घ्या. दोन्ही तक्रारी तुम्ही पहिल्या आणि दुसऱ्या सर्व्हिसिंगला सांगितल्या होत्या, म्हणजे अटींचे पालन पूर्ण असताना, फिल्टरला कुणी हात लावण्याच्या आधी. दोष तेव्हाच होता आणि शोरूमने तो शोधला नाही, हे दाखवता आले तर नंतरच्या उशिराचे निमित्त फार टिकत नाही. त्यासाठी त्या दोन वेळांची जॉब कार्डे लागतील. तुमच्याकडे नसतील तर गाडीच्या चेसिस क्रमांकावरून शोरूमच्या संगणकातून प्रती निघतात. त्या लेखी अर्ज करून मागा. त्यांत तक्रार नोंदलेली नसली, तर सर्व्हिसिंगनंतर कंपनीकडून आलेले मेसेज, तुम्ही दिलेली उत्तरे, ॲडव्हायझरला पाठवलेले व्हॉट्सॲप संदेश, जे सापडेल ते एका ठिकाणी जमा करा. त्याचबरोबर शोरूमला सांगा की वॉरंटी नाकारायची असेल तर कोणत्या भागाची, कोणत्या अटीखाली आणि कोणत्या कारणाने नाकारता, ते लेटरहेडवर लिहून द्या. फिल्टर साफ केल्यामुळे बॅटरी कशी बिघडली, किंवा उशिरा सर्व्हिसिंगमुळे पहिल्याच महिन्यापासूनचा दोष कसा निर्माण झाला, हे लिहून देणे सोपे नसते. माझ्या काउंटरवर असा लेखी नकार मागणारे ग्राहक फार थोडे येत, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांचे काम नकार लिहिण्याऐवजी करूनच दिले जात असे.

एवढ्यावर काम झाले नाही तर कंपनीच्या ग्राहक सेवेला ई-मेल करा, सर्व जॉब कार्डांचे फोटो जोडा आणि उत्तरासाठी १५ दिवसांची मुदत द्या. त्यापुढे १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतून तक्रार नोंदवता येते. शेवटचा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो, पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि वकील लावणे सक्तीचे नाही. परंतु आज तुम्ही आयोगात जावे असे मला वाटत नाही. तुमचा दिवस गावभेटींत जातो, तारखांना जाणे तुम्हाला परवडणारे नाही, आणि गाडीचा दोष आधी एकदा नीट शोधला जाणे हीच तुमची खरी गरज आहे.

त्याच शोरूमकडे जावे का, या प्रश्नाचे उत्तर: जायलाच हवे असे नाही. वॉरंटी कंपनीची असते, शोरूमची नसते. तुमच्या कंपनीचे कोणतेही अधिकृत केंद्र गाडी तपासू शकते. दिग्रस, कारंजा किंवा पुसद यांपैकी जिथे असे केंद्र असेल आणि तुम्हाला सोयीचे पडेल, तिथे दाखवून पाहा. लहान केंद्रात मेकॅनिकशी थेट बोलता येते, हा मोठा फायदा आहे. गावच्या मिस्त्रीलाही अंतर देऊ नका. पंक्चर, केबल, ब्रेक ओढणे ही कामे तो चांगली करतो आणि पावसात गाडी बंद पडली तर तोच धावून येणार आहे. फक्त वॉरंटीची मुदत संपेपर्यंत वायरिंग कापून जादा दिवा किंवा हॉर्न बसवू देऊ नका, कारण कापलेली वायर दिसली की विजेच्या कोणत्याही भागाचा दावा तिथेच थांबतो.

जाण्याचा दिवस विचारपूर्वक निवडा. दसरा-दिवाळीत विकलेल्या नव्या गाड्यांची पहिली सर्व्हिसिंग त्यानंतरच्या काही आठवड्यांत येते आणि तेव्हा शेडमध्ये उभे राहायला जागा नसते. ती गर्दी ओसरल्यावर मधला वार पाहून, आधी फोन करून जा, आणि सकाळी न जाता दुपारी चारच्या सुमारास पोहोचा. जॉब कार्डवर वरची दोन वाक्ये आणि ‘गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी थंड इंजिनावर तपासावी’ अशी तिसरी ओळ लिहून घ्या आणि संध्याकाळच्या एसटीने घरी परत या. महिलांना अर्धे तिकीट असल्यामुळे हा जादा फेरा फार महाग पडणार नाही. निघण्यापूर्वी ॲडव्हायझरला सांगून ठेवा की सकाळी मी येईपर्यंत गाडीला कुणी हात लावू नये. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने जा. मेकॅनिकला शेजारी उभे करून आधी बॅटरीवर मल्टिमीटर लावायला सांगा, मग पहिला सेल्फ त्यालाच मारायला सांगा, कितव्या वेळी इंजिन धरले ते दोघांनी मोजा, इंजिन सुरू असताना मल्टिमीटरचा आकडा पुन्हा पाहा, आणि इंजिन पुन्हा पूर्ण थंड झाल्यावर टॅपेटची फट मोजून घ्या. मिळालेले सगळे आकडे जॉब कार्डवर तारखेसह लिहून त्याखाली त्याची आणि तुमची सही झाली, की मगच कामाला परवानगी द्या.